उपासाची टोपली

जळगावहून धुळ्याला मी निघाले ते मुलाकडच्यांना स्वतःला दाखवायला, पण तोंड असं केलं होतं की बघणाऱ्याला वाटावं, ही थेट क्रुसाकडेच चालली आहे. लेंटचे दिवस होते (प्रभूने रानात चाळीस दिवस उपास केला, त्याच्या आठवणीचे). मी मिशनच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते आणि या दिवसांचं मर्म अख्ख्या जळगावात मला एकटीलाच कळलं आहे, अशी माझी खात्री होती.

उपास कसला, फराळच तो. टोपलीत दाण्याचे लाडू, उकडलेली रताळी, केळ्यांची फणी. आमच्या आजोबांनी धर्म बदलला, एकादशीचा फराळ तेवढा तसाच ठेवला.

गाडीत समोर एक शेतकरीण चटणीभाकरी खात होती. माझा तिसरा लाडू चालू असताना तिने विचारलं, "माय, हाऊ कसाना उपास शे?" (हा कशाचा उपास आहे?)

"देह ताब्यात ठेवायचा," मी म्हणाले.

तिने माझ्या देहाकडे एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा भाकरीला लागली.

नरडाण्याला उतरून मी आणि सोबतीला आलेल्या आत्याने मोटार धरली. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली काळी रानं, बांधावर पेटलेला पळस, आणि सगळ्यावर धूळ. अर्ध्या वाटेत मोटार बंद पडली. ती सुरू होईस्तोवर मी पळसाखाली बसून रताळी संपवली. आत्या म्हणाली, "तुझ्या उपासाला टोपली पुरायची नाही."

धुळ्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मुलाचे वडील नाना कापसाच्या जिनात कामाला. आमच्यासाठी ते सकाळपासून जेवायचे थांबले होते. मुलगा मी चर्चच्या मेळ्यात पाहिला होता. आवडला होता, उगाच कशाला लपवू. त्याच्या आईने ताटं मांडली. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात.

"माझा उपास आहे," मी पाद्रीबाबांच्या सुरात म्हणाले, आणि वर देहदंडावर चांगलं लांबलचक प्रवचन दिलं. आईंनी सगळी ताटं झाकली.

"अहो, तुम्ही जेवा ना."

"पाव्हनी उपाशी, मंग आमले घास कसा उतरी?" आई म्हणाल्या.

नाना झाकल्या भाकरीकडे बघत म्हणाले, "पोरी, उपास तुना शे (तुझा आहे), भूक मातर आमले लागनी (आम्हाला लागली)."

मुलाने हसू गिळलं. आत्याने मला चिमटा काढला. खावं तर उपास गेला, न खावं तर नवरा. मी भाकरी मोडली. भरल्या पोटावर दोन भाकरी. त्या लेंटमध्ये मला देहदंड झाला तो तेवढाच.

निघताना आईंनी टोपली उचलली. आत केळ्यांच्या साली. त्यांनी पाहिल्या आणि टोपली घेऊन चुलीकडे गेल्या.

"गेलं स्थळ," नरडाण्याच्या फलाटावर आत्या म्हणाली. मी टोपली उघडली. साली नव्हत्या, फडक्यात भरीत-भाकरी बांधलेली होती. शेजारी एक म्हातारी रिकाम्या हाताने बसली होती. फडकं तिला दिलं. पुण्य वगैरे काही नाही, माझ्या पोटात जागाच नव्हती. पण ती खाऊ लागली, तेव्हा वाटलं, प्रवचनात हे सांगायचं राहून गेलं.

ईस्टर झाल्यावर लग्न झालं. पुढे दर वर्षी लेंट लागला की सासूबाई चुलीपुढून नानांना हाक मारून सांगायच्या, "आत्तेच जेवी ल्या (आत्ताच जेवून घ्या). सूनबाईना उपास सुरू व्हयना (सुरू झाला)."