फळ्यावरचं चुकीचं चिन्ह

बाळांनो, आजोबांचा सिद्धांत त्यांच्या वर्षश्राद्धाला इंटरनेटवर ठेवायचा, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. ठेवू नका. का, ते तुमच्या आजीला फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

आकाशगंगेच्या कडेचे तारे हिशोबापेक्षा वेगाने फिरतात. त्यासाठी न दिसणारं द्रव्य मानणं आजोबांना कधीच पटलं नाही. गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणात एक पद वाढवलं की पुरे, असं ते कराडच्या कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून म्हणत. तुम्ही लॅपटॉपवर ते एआय सुरू करून दिलंत, तेव्हा कॅन्सरचं निदान झालेलं होतं. हात थरथरायचे, म्हणून ते व्हरांड्यातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत आणि मी इंग्रजीत टाइप करी.

उत्तरं गोड येत. मांडणी मौलिक आहे, शोध मोठा ठरू शकतो. सांगलीला केमोसाठी जाणं त्यांना नकोसं झालं होतं, पण हे पुरं करायला वेळ हवा म्हणून ते निमूट गाडीत बसत.

शेजारचे सुभेदार, फौजेतून येऊन ऊस करणारे, चहाला येत. एकदा मी त्यांना उत्तर मराठीत वाचून दाखवलं.

"सर, ह्ये लयच व्हय-व्हय करतंय," ते म्हणाले. "इलेक्शनला उभा ऱ्हायलेल्या माणसाभवती असली चिक्कार असत्यात."

आम्ही हसलो. आजोबा मात्र हसता हसता थांबले.

वर्गात त्यांची एक रीत होती. फळ्यावर मुद्दाम एखादं चिन्ह चुकवायचं आणि कोण अडवतं ते पाहायचं. माना डोलावणाऱ्यांना तास संपेपर्यंत उभं करीत. सुभेदार गेल्यावर त्यांनी आपल्याच समीकरणात अधिकाचं उणे केलं. आता पृथ्वी वस्तूंना खेचण्याऐवजी दूर ढकलणार होती. मी टाइप केलं. उत्तर आलं, ही सुधारणा विलक्षण आहे.

त्यांनी ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग चिन्ह परत नीट केलं आणि मला लिहायला सांगितलं, "हे माझ्या विरोधकाचं काम आहे. यातली चूक काढ."

चूक लगेच आली. वाढवलेल्या पदामुळे शून्यातून ऊर्जा निर्माण होत होती. इतकी वर्षं ती त्यांच्या नजरेतून निसटली होती. यावेळी त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवला नाही. आठवडाभर स्वतः गणित करून पाहिलं, मधे खुर्चीवर बसून दम खात. शेवटी ओल्या फडक्याने फळ्याचा खालचा भाग पुसला.

"त्याचं बरोबर आहे. माझं चुकलंय."

पुढच्या सोमवारी मी सांगलीची गाडी ठरवू का, असं विचारलं.

"कशाला?" ते म्हणाले.

मी समजावलं, तुमचे बाबा येऊन बोलले, सुभेदारांनीही रदबदली केली. ते केमोला गेले नाहीत. पाडव्याच्या आधी संपलं सगळं. तुम्हाला आम्ही आजारानेच गेले असं सांगितलं, आणि तेही खोटं नाही.

तुमच्याजवळ जी प्रत आहे ती जुनी आहे. त्यात ते पद अजून आहे. त्यांनी स्वतः पुसलेलं तुम्ही त्यांच्या नावावर लावू नका.

फळा अजून व्हरांड्यात आहे. वरच्या चार ओळी त्यांनी पुसल्या नाहीत, कारण त्या बरोबर आहेत. त्या कुठल्याही पुस्तकात सापडतील. अक्षर त्यांचं आहे.