छावणी ते लासूर, डब्यामार्गे

चार रेडिओवाले जमले की दहा मिनिटं अँटेनावर बोलतात आणि मग चहा गार होईपर्यंत एकमेकांच्या फजितीवर! आमचा कंपू पांगून काही वर्षं झाली, पण किस्से काही आटत नाहीत. दर भेटीत एखादा नवा निघतोच.

कंपू म्हणजे चौघंच. मी पॉलिटेक्निकची इलेक्ट्रॉनिक्सची मॅडम. सलीमभाईंचं छावणीच्या बाजारात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. संतोष लासूरकडचा शेतकरी गडी, वाळूजला शिफ्टमध्ये कामाला. आणि दिगंबरकाका, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. चौघंही परीक्षा देऊन लायसन काढलेले हौशी रेडिओवाले. आम्ही गच्च्यांवर छोटे डबे बसवायचो. एका डब्यानं मेसेज पकडायचा आणि पुढच्याकडे ढकलायचा. ना टॉवर, ना इंटरनेट. आवाज जायचा नाही, फक्त अक्षरं.

काकांचा हट्ट एकच, लासूर स्टेशनपर्यंत पोचायचं. तिथं त्यांचे थोरले भाऊ, नाना. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद झालेलं. फोन लावला की काकांचा आवाज ऐकून नाना ठेवून द्यायचे. जन्मभर लोकांचे फोन जोडून देणाऱ्या माणसाच्या नशिबी हे!

\*

दुष्काळाचा उन्हाळा. नळाला पाणी कधी येईल ते कुणालाच माहीत नाही, आणि आम्ही दारोदार गच्ची मागत फिरतोय. एका काकूंनी डबा उलटसुलट करून पाहिला.

"यानं टँकर कुठं आला ते कळतं का हो?"

दिगंबरकाका खरं बोलणारे. ते "नाही" म्हणणार तेवढ्यात संतोष मधे पडला, "व्हय काकू, कळतं की! लई भारी कळतं!"

गच्ची मिळाली. आता ते खरं करून दाखवणं आलं! टँकर भरायचे तिथं एक चहाची टपरी होती. तिच्या छपरावर आम्ही डबा बसवला आणि टँकर निघाला की मेसेज टाकायचं काम टपरीवाल्यानं हौसेनं अंगावर घेतलं. मग काय, अख्ख्या कॉलनीनं गच्च्या दिल्या.

एक दिवस टँकरच आला नाही. काकू माझ्यावर उखडल्या, "मॅडम, तुमचा डबा बिघडलाय. टँकर दाखवत नाही!"

\*

डबे आम्ही पाण्याच्या टाकीवर बांधायचो, सगळ्यात उंच जागा तीच. पण त्या वर्षी टाक्या कोरड्या, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एका संध्याकाळी वावटळ आली आणि दुसऱ्या दिवसापासून लासूरच्या वाटेवरचा, तोवर रडतखडत येणारा वाळूजचा सिग्नल एकदम ठणठणीत!

"मेरे हात का कमाल है मॅडम," सलीमभाई म्हणाले. "नया एरियल बनाया मैं. किसी को बोलना नक्को!" आणि स्वतःच बाजारभर सांगून आले.

आम्ही कौतुकानं बघायला गेलो तर गच्चीवर ना टाकी, ना डबा! रिकामी टाकी उडून पलीकडच्या गच्चीवर जाऊन बसली होती, इतके दिवस मधे येणाऱ्या होर्डिंगच्या आडून बरोब्बर बाहेर. डबा तिच्यावर तसाच बांधलेला.

मालकानं टाकी परत मागितली. शेजारी म्हणाला, "देतो की. पण काल टँकर आला, मी भरून घेतली. पाणी संपलं की घेऊन जा!"

\*

शहर तेव्हा नुसतं वर वर चाललेलं. वाळूजच्या रस्त्याला एक इमारत आमच्या सिग्नलच्या बरोब्बर मधे उभी राहिली. दर स्लॅबला सिग्नल थोडा मरायचा. संतोष न बघता सांगायचा, "मॅडम, आज अजून एक स्लॅब पडला वाटतं."

शेवटी बिल्डरलाच भेटायला गेलो. त्यानं खुर्च्या दिल्या, सरबत दिलं, सॅम्पल फ्लॅट फिरवून दाखवला. मॉड्युलर किचनचे ड्रॉवर उघडून झाले. काका संकोचून म्हणाले, "फ्लॅट नको हो, आम्हाला फक्त गच्ची पाहिजे."

"काका," बिल्डर गंभीरपणे म्हणाला, "गच्ची सुटी विकत नाही आम्ही!"

काकांनी मग त्याला नानांचं सगळं सांगितलं. त्यानं ते ऐकलं आणि गच्चीची किल्लीच काढून दिली. मला ते दिवस फार आठवतात. नळ कोरडे होते, तरी माणसं पटकन गच्ची द्यायची.

\*

त्या गच्चीवरून लासूर लागलं. संतोषनं नानांच्या घरावर डबा बसवला, हातात मेसेज टाईप करायचं छोटं यंत्र दिलं आणि सांगितलं, "नाना, टेस्टिंग चालूय. छावणीतून विचारतील, तुमी फकस्त उत्तर द्यायचं." विचारणारं कोण, ते सांगितलं नाही.

रोज संध्याकाळी सलीमभाईंच्या दुकानात बसून काका टाईप करायचे, "टेस्ट. सिग्नल कसा आहे?"

लासूरहून यायचं, "ठीक."

बस, एवढंच! काका तो शब्द चष्मा पुसून दोनदा वाचायचे आणि घरी जायचे. उन्हाळा सरत आला तरी टेस्टिंग संपेना.

"काका, लिंक पक्की झालीये की आता," मी म्हटलं.

"छे, अजून खात्री नाही," काका म्हणाले आणि त्यांनी नेहमीचा मेसेज पाठवला.

त्या दिवशी उत्तर यायला जरा वेळ लागला. मग पडद्यावर अक्षरं उमटली.

"सिग्नल ठीक. विहीर आटली. दिगू, ये."

काकांनी चष्मा पुसला नाही. ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर रस्त्यावर जाऊन येणाऱ्या प्रत्येक रिक्षाला हात करू लागले.

इकडे यंत्र पुन्हा वाजलं. नाना विचारत होते, "मेसेज पोचला का?"

सलीमभाईंनी एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि एका बोटानं सावकाश टाईप केलं, "मेसेज पोचला. काका भी पोचते हैं."