योर्नचा सख्खा मामा

"हार्टची भिंत जाड झालीय," कार्डिऑलॉजिस्ट बाई म्हणाल्या. "ती इतकी वर्षं खेळल्यामुळे, की आजारामुळे, हे मी आज सांगू शकत नाही."

निदान निदान तरी व्हावं, एवढीच माझी अपेक्षा होती. तेही झालं नाही. शेजारी योर्न हाताची घडी घालून बसला होता आणि बाईंच्या मागच्या भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होता.

योर्न माझा नवरा, मूळचा डेन्मार्कचा. मी नागपूरची. कोपनहेगनला औषधशास्त्रात संशोधन करायला गेले आणि तिथेच लग्न केलं. तो डेन्मार्कच्या राष्ट्रीय फुटबॉल संघात सेंटर बॅक होता, म्हणजे गोलीच्या पुढे उभा राहून अंगावर येणाऱ्यांना अडवणारा. बंदराच्या गावातल्या छोट्या क्लबपासून सुरुवात, मग कोपनहेगन, मग जर्मनी. तीनदा नाक मोडलं. पस्तिशीच्या तोंडावर न्यू जर्सीतल्या क्लबने बोलावलं. मला एडिसनजवळ औषध कंपनीत नोकरी मिळाली आणि आम्ही इकडे आलो. ओक ट्री रोडवरच्या भारतीय वस्तीतली आमची मित्रमंडळी त्याला कौतुकाने 'आपला गोलकीपर' म्हणत. चूक सुधारण्याचा नाद मी कधीच सोडला होता.

डिफेंडरचं करिअर मोठं विचित्र असतं. तो चांगला खेळला की काहीच घडत नाही. लोकांना आठवतो तो त्याच्या हातून सुटलेला एकच माणूस.

ऑगस्टच्या उन्हात प्रॅक्टिस चालू असताना तो कोसळला आणि लगेच उठून बसला. पाणी कमी प्यायलो, म्हणाला. क्लबच्या डॉक्टरांनी ऐकलं नाही. ईसीजी झाला. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मग होल्टर, म्हणजे छातीला तारा चिकटवून दिवसभर ठोक्यांची नोंद घेणारं यंत्र. मग एमआरआय. प्रत्येक ठिकाणी तीच गार वेटिंग रूम आणि तोच आवाज बंद केलेला टीव्ही.

बाईंनी समजावून सांगितलं ते असं. खेळाडूंचं हृदय कष्टाने थोडं जाड होतंच, त्याला 'ॲथलीट्स हार्ट' म्हणतात. त्याने काही बिघडत नाही. पण 'हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी' नावाचा एक आजार आहे. त्यातही हृदयाचा स्नायू जाड होतो, आणि जोरात धावताना ठोके बिघडून माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. तो घराण्यातून येतो. योर्नची भिंत नेमकी दोन्हींच्या मध्ये होती. "ग्रे झोन," बाई म्हणाल्या. तीन महिने खेळ पूर्ण बंद. भिंत पातळ झाली तर खेळामुळे होती, नाही झाली तर आजार.

"घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय? हार्टने?"

"नाही," योर्न म्हणाला.

तसे तीन महिने कुणावर येऊ नयेत असं मी म्हणेन. धावायचं नाही, जिने चढायचे तेही सावकाश. उभ्या आयुष्यात कधी घरी न बसलेला माणूस दुपारी सोफ्यावर बसून राही. त्याची चिडचिड सहन होत होती, गप्प बसणं सहन होत नव्हतं. मला मदत म्हणून आई नागपूरहून आली. ती त्याला 'योर्नराव' म्हणे आणि दिवसभर काही ना काही खायला घाली. तो तिच्याकडून मराठी शिकायला लागला. मला तेवढाच दिलासा.

पुन्हा इको झाला. भिंत किंचित पातळ झाली होती, अगदी किंचित. "चिन्हं बरी आहेत," बाई म्हणाल्या. "एमआरआय पुन्हा बघते. मग बहुतेक तुम्हाला खेळायला सोडू." त्या दिवशी योर्न गाडीत शिट्टी वाजवत होता.

त्याच आठवड्यात आईने त्याला नाती शिकवायला घेतली. फोटोंचा अल्बम मांडीवर होता. एका फोटोत बोटीवर उभा असलेला एक पोरगेला माणूस होता.

"हे कोण?"

"अंकल कार्ल."

आता आमच्या आईला 'अंकल' एवढ्यावर गप्प करणं कुणालाच जमलेलं नाही. "अंकल म्हणजे कोण? काका की मामा? की आत्याचे यजमान?"

योर्न खूश झाला. डॅनिशमध्येही काका आणि मामाला वेगळे शब्द आहेत. "मामा! माझी आईचा भाऊ."

"सख्खा?"

त्याला शब्द कळला नाही. मी सांगितला. "हो, सख्खा. तेवीस वर्षांचा होता. बुडाला."

"अगं बाई! पोहता येत नव्हतं?"

"सगळ्यात छान पोहायचा," योर्न म्हणाला, आणि थांबला.

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. बंदराच्या गावात बुडून मरणं म्हणजे रोजचं मरण. ते आजारपणात कुणी धरत नाही. त्यानेही धरलं नव्हतं.

"बाईंना सांगावं लागेल," मी म्हणाले.

"He drowned. बुडाला म्हणजे बुडाला." तो उठून आत गेला.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. मी परस्पर फोन करायचं ठरवलं होतं, आणि मला स्वतःचाच राग येत होता. आई ओट्याशी उभी राहून पुटपुटत होती, "मी कशाला तोंड उघडलं?"

तिसऱ्या दिवशी योर्ननेच बाईंना फोन केला.

बाईंनी त्याच्या आईचा इको करायला सांगितलं. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांच्या गावाजवळच्या हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली. भिंत जाड, आणि त्या कधी फुटबॉल खेळल्या नव्हत्या. ग्रे झोन संपला.

योर्नच्या छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं. आयसीडी म्हणतात. ठोके बिघडले तर ते आतून झटका देतं. तो निवृत्त होत असल्याचं क्लबने छोटं निवेदन काढलं. डेन्मार्कच्या पेपरात चार ओळी आल्या, आणि त्यातल्या दोन त्याच्या चुकीमुळे झालेल्या एका जुन्या गोलबद्दल होत्या. मला ते पेपर फाडावेसे वाटले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढंच सांगते. डॉक्टर 'हार्टने कुणी गेलंय का' असं विचारतात. तुम्ही घरातल्या मोठ्यांना विचारताना तसं विचारू नका. तरुणपणी कोण गेलं आणि कसं गेलं, एवढंच विचारा. बुडालेले, गाडीवरून पडलेले, सगळे मोजा.

सासूबाईंचा फोन आला तेव्हा योर्न हॉस्पिटलमधून नुकताच घरी आला होता. मला वाटलं त्या स्वतःच्या हृदयाबद्दल बोलतील, किंवा मुलाच्या संपलेल्या खेळाबद्दल.  फोन ठेवून योर्न माझ्या आईकडे वळला.

"मामा बुडाला तेव्हा गावात सगळे म्हणाले, दारू प्यायला होता. चर्चमध्येपण म्हणाले. माझी आजी मरेपर्यंत खाली मान घालून चालली. माझी आई एकटीच म्हणायची, तो प्यायला नव्हता. आता ती गावात सगळ्यांच्या घरी जाते. सांगते, हार्ट होतं."

आईने डोळ्यांना पदर लावला.

"आई, तू विचारलं," योर्न म्हणाला, "बरं केलं."