मंजुषाची सही

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कोर्टासमोर टिनाच्या शेडमध्ये मंजुषा देवतळेचं टेबल आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि हवा कमी, खडखडाट जास्त करणारा एक पंखा. अठरा वर्षं ती तिथं बसून लोकांचे अर्ज आणि शपथपत्रं टाइप करते. बैहरकडून जीपमध्ये कोंबून आलेला एखादा म्हातारा शाई लावलेला अंगठा पुढे करून उभा राहिला, की ती आधी त्याच्यावर खेकसते, "बाबाजी, पहले सुन तो लो क्या लिखा है!" मग अख्खा कागद वाचून दाखवते. वकील घड्याळाकडे बघतात, पण तिला त्याचं सोयरसुतक नाही. कोऱ्या कागदावर अंगठा देऊन शेत घालवलेली माणसं तिनं याच शेडमध्ये रडताना पाहिली होती.

आणि ह्याच बाईनं दहा कोऱ्या कागदांवर स्वतःची सही करून ते मैत्रिणीच्या हातात दिले होते. आता काय म्हणावं? दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

त्याचं असं झालं. मंजुषाची मुलगी ओवी लहानपणी बोलायचीच नाही. म्हणजे मुकी नव्हती, पण चार माणसांत तोंड उघडलं की अडखळायची, आणि मग गप्प व्हायची ती दिवसभर. शाळेतल्या बाई म्हणायच्या, अभ्यासात बरी आहे, पण हिचा आवाज आम्ही ऐकलेला नाही. नऊ वर्षांची असताना चैतराम सरांनी तिला सॉफ्टबॉलमध्ये घेतली. सर व्यायामशिक्षक म्हणून निवृत्त झालेले, पण घरी बसवेना. रोज पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन हजर. त्यांनी ओवीला कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलणारी केली आणि मंजुषाला सांगितलं, "ताई, कॅचरले अख्खं मैदान दिसते. बाकीच्या पोरींची पाठ असते नाही तं नजर चेंडूवर असते. हिनं ओरडून सांगितलं नाही, तं आठ पोरी आंधळ्या."

तीन महिन्यांनी मंजुषा भाजी घेऊन मैदानाजवळून चालली होती. "खुशी, दुसऱ्या बेसवर! दुसऱ्या!" असा खणखणीत आवाज आला. कुणाची पोरगी एवढी ओरडतेय म्हणून तिनं मान वळवली, तर मास्क लावलेली स्वतःचीच लेक. मंजुषा तिथंच पिशवी घेऊन उभी राहिली आणि रडली. त्या दिवसापासून चैतराम सर तिच्यासाठी देवमाणूस होते, आणि देवमाणूस हा शब्द ती सहसा कुणासाठी वापरत नाही.

सरांची एक रीत होती. स्पर्धेच्या आधीचा आठवडाभर पिचर आणि कॅचर यांनी एकाच डब्यातून जेवायचं. चेंडू टाकणारी आणि झेलणारी यांचं मन एक पाहिजे, आणि मन एक व्हायला जेवण एक पाहिजे, असं त्यांचं साधं गणित. पिचर होती श्रिया. तेव्हा कधी मंजुषाकडून पोळी-भाजी, कधी श्रियाची आई ज्योत्स्ना हिच्याकडून मसालेभात, असा एक डबा दोघींत जायचा. पोरींची गट्टी जमली, त्याहून जास्त आयांची जमली. मंजुषाचा नवरा अनुराग बैहरला नोकरीला, शनिवारी यायचा. आठवडाभर कधी ताप आला, कधी गॅस संपला, की ज्योत्स्ना. ओवीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मंजुषा कोर्टात होती; पोरीला जवळ घेऊन सगळं समजावलं ते ज्योत्स्नानं. सहा वर्षं असं चाललं. सख्ख्या बहिणी काय करतील!

प्रत्येक स्पर्धेला आईचं नवं अनुमतिपत्र लागायचं. तेही आदल्या दिवशी कळणार, आणि आदल्या दिवशीच द्यायचं. ज्योत्स्नाचं घर मैदानाला लागून, नोकरी नाही, हौस दांडगी. तिनं सगळ्या आयांची फाईल केली. "मंजू, तू कुठं धावत येशील कोर्टातून? दहा कागदांवर सही करून ठेव. मजकूर मी छापून घेत जाईन." पंधराही घरांतल्या बायकांनी केल्या. मंजुषानंही केल्या. पेन हातात घेतल्यावर क्षणभर मनात आलं होतं, नाही असं नाही, पण ज्योत्स्नाच्या हातात कागद देताना शंका घेणं म्हणजे आपल्याच ताटात माती कालवणं, असं तिला वाटलं.

यंदा खुशीमुळे सगळं बदललं. खुशी तिरोडीची, बाप मॅंगनीजच्या खाणीत, आई लहानपणीच गेलेली. बालाघाटात आत्याकडे राहून शिकायची. आधी मधल्या बेसवर खेळणारी ही काटकुळी पोर सरांनी पिचिंगला उभी केली, आणि तिच्या हातून चेंडू असा सुटला की पुढच्या पोरीला बॅट उचलायची सुद्धा फुरसत नाही. विभागीय सामन्यांत सरांनी सुरुवातीला खुशीला उतरवलं, श्रियाला नंतर. संघ जिंकला. राज्य स्पर्धेचं तिकीट मिळालं. आणि रीतीप्रमाणे त्या सामन्यांआधीच्या आठवड्यात ओवी खुशीबरोबर जेवली. डबा अर्थातच मंजुषाच द्यायची, कारण खुशीच्या आत्याला पहाटे जमायचं नाही. पोरगी खाऊन खाऊन किती खाणार, म्हणून मंजुषा वर एक लाडूही ठेवायची. ज्योत्स्ना ते बघायची आणि हसून म्हणायची, "वा वा, आता नवीन लेक मिळाली तुले." मंजुषा पण हसायची. कोर्टात अठरा वर्षं काढलेल्या बाईला त्या हसण्यातला काटा दिसला नाही.

महिनाभरात चैतराम सरांना काढलं. जिल्हा समितीनं सांगितलं, पालकांची तक्रार आली, राज्य स्पर्धेसाठी जबलपूरहून नवे प्रशिक्षक येतील.  सर शिट्टी समितीच्या टेबलावर ठेवून सायकलवर बसून निघून गेले. मंजुषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं लिहिलं, 'ज्या कुणी हे केलं त्यांनी समोर यावं. मागून वार करणाऱ्यांना आपल्या मुलींसमोर उभं राहायला लाज वाटली पाहिजे.'  उत्तरादाखल ज्योत्स्नानं हात जोडल्याचं चित्र तेवढं टाकलं.

त्या संध्याकाळी मंजुषा सरांकडे जायला निघाली, तर ओवी दारात आडवी आली. "आई, नको ना जाऊ. सरांना अजून वाईट वाटेल. क्या जरूरत है?" पोरगी कावरीबावरी झालेली. सर गेल्याचा धक्का बसला असेल बिचारीला, असं समजून मंजुषा थांबली.

आठ दिवसांनी टपालानं टेबलावर पाकीट आलं. समितीचं पत्र, हिंदीत. आपकी शिकायत का निराकरण कर दिया गया है. सोबत तक्रारीची प्रत. प्रशिक्षक मुलींमध्ये भेदभाव करतात, एकाच मुलीवर विशेष मेहेरबानी करतात, त्यामुळे इतर मुलींवर मानसिक ताण येतो, अशा चार ओळी. खाली एकटी एक सही. तिची. 'म'ची शेपटी लांब ओढलेली, जी ती रोज पन्नास कागदांवर ओढते.

समोर एक पक्षकार उभा होता. त्याला तिनं उद्या या म्हणून सांगितलं आणि स्कूटी काढली.

ज्योत्स्ना गच्चीवर कुरड्या घालत होती. मंजुषानं कागद पुढे धरला. ज्योत्स्नानं हात पुसले, कागद घेतला नाही, आणि अशी काही बोलली की जणू ह्या प्रश्नाची ती वाटच बघत होती.

"हौ. मीच देल्ला. मंग?"

"माया नावानं? काहून माया नावानं, ज्योत्स्ना?"

"मी देल्ला असता तं समितीवाले म्हणले असते, इची पोरगी बाहेर बसली म्हणून बोंबलते. तुई पोरगी तं पक्की टीममधली. तू कोर्टातली बाई. तुया सहीले वजन आहे."

"सरांनी काय वाकडं केलं होतं तुयं?"

"मायं?" ज्योत्स्नाचा आवाज चढला. "सहा वर्षं माया हातचं खाल्लं ओवीनं. खुशी आली तं एका दिवसात डबा बदलला. माई श्रिया त्या आठवड्यात घरी येऊन जेवली नाही, माहीत आहे तुले? तू लाडू देऊन राह्यली होती त्या पोरीले. एकदा तरी म्हणाली का सरांना, का श्रियाचं काय? तूच फिरली आधी, मंजू."

 मंजुषाला रागही आला आणि आतून काहीतरी तुटल्यासारखंही झालं, कारण श्रियाबद्दल तिनं खरंच विचारलं नव्हतं. पण त्यासाठी कुणाचं नाव असं वापरायचं? इतकी वर्षं जिच्या हातात घराची चावी दिली, तिनंच घर फोडावं?

"मी उद्या समितीत जाऊन सांगते," ती म्हणाली. "सही कोऱ्या कागदावरची आहे म्हणून."

"सांग ना. मंग ते विचारतील, बाकीचे अनुमतिपत्र कसे झाले? सगळेच तसे आहेत. पंधराच्या पंधरा. विभागीय जिंकलं तेही रद्द होईन, आणि पोरी घरी बसतीन. तुई ओवी बी आणि तुई ती खुशी बी." ज्योत्स्ना खाली बसून पुन्हा सोऱ्या फिरवायला लागली. "कायदा तुले माह्यापेक्षा जास्त समजते."

समजत होता, तेच तर दुखणं होतं. समितीपुढे तोंड उघडायची सोय ज्योत्स्नानं ठेवली नव्हती. रात्रभर मंजुषानं कूस बदलली आणि सकाळपर्यंत एवढंच ठरवलं, की जगाला काय वाटायचं ते वाटो, पण चैतराम सरांना खरं माझ्या तोंडून कळलं पाहिजे. त्या एका माणसाच्या मनात आपण घरभेदी म्हणून राहायचं नाही. ओवीला तिनं काही सांगितलं नाही.

सरांचं घर वैनगंगेच्या पुलापलीकडे. सर अंगणात वांग्यांना पाणी देत होते. मंजुषाला बघून त्यांनी पाइप खाली ठेवला, खुर्ची आणली, तिच्यावर फडकं मारलं. "बसा ताई." काही झालंच नाही असे. त्या आदरातिथ्यानंच मंजुषाला भरून आलं.

"सर, ती तक्रार..." तिनं सुरुवात केली. "मी सांगायले आली, का ती..."

"राहू द्या ताई. समितीनं मले कागद दाखवला तवा मी म्हणलं, नाही, देवतळे ताई असं लिहिणार नाहीत. कुणीतरी गडबड केली. मी त्याइले म्हणलं, थांबा, मी विचारतो." सरांनी जाऊन पाइपचा नळ बंद केला. "तुमाले कसं विचारू, म्हणून ओवीले विचारलं. फोन केला तिले. म्हणलं, बेटा, खरं सांग, हे आईनं लिहिलं का? ती म्हणाली, हौ सर, आईनंच लिहिलं. मंग मी विषय संपवला. ओवी मायासंग खोटं बोलणार नाही."

 म्हणजे पोरीला माहीत होतं. ज्योत्स्नानं तिला आधीच गाठून सांगितलं असणार, तू हो म्हण, नाही तर टीम जाईल. आणि पंधरा वर्षांच्या त्या पोरीनं टीम एका पारड्यात टाकली, आई दुसऱ्या पारड्यात, आणि न अडखळता हो म्हणाली. दारात आडवी आली होती ती ह्यासाठी. ज्योत्स्नाचा राग आला होता, तो शिवीगाळ करून मोकळा करता आला असता. हे कुणाकडे मोकळं करायचं?

सर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. "तुमी काय म्हणत होत्या, ताई? ती तक्रार...?"

खरं सांगायलाच ती आली होती. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या एका वाक्यानं ओवी ह्या माणसाच्या नजरेतून उतरली असती, आणि जिला बोलायला ह्यानं शिकवलं ती आपल्याशी खोटं बोलली, हे म्हातारपणी त्याच्या पदरात पडलं असतं.

"हौ सर," मंजुषा म्हणाली. "मीच लिहिलं. तेच सांगायले आली होती."

सरांनी मान हलवली.  मग अगदी हळू आवाजात, विद्यार्थ्यानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मायं काय चुकलं, ताई?"

निर्दोष माणसाची चूक सांगायची वेळ आली. मंजुषाला दुसरं काही सुचेना. ज्योत्स्नाचेच शब्द तोंडात आले. "तुम्ही खुशीले जास्त जीव लावता, सर. बाकीच्या पोरींना लागते ते."

"हौ," सर म्हणाले. "लावतो खरा. तिले आई नाही ना." त्यांनी पाइप उचलला, पुन्हा ठेवला. "तुमी मले तोंडावर सांगतलं असतं तं मी ऐकलं असतं, ताई. तुमचं तं ऐकलंच असतं."

मंजुषानं हात जोडले आणि उठली. फाटकापाशी पोचली तेव्हा मागून सरांचा आवाज आला. "ताई, ओवीच्या डाव्या अंगठ्याकडे ध्यान द्या. सुजते तो, ती सांगत नाही. नवीन सरांना म्हणा, दिवसाले शंभराच्या वर चेंडू झेलू देऊ नका तिले."

"सांगते," मंजुषा म्हणाली. स्कूटी तिनं सुरू केली नाही, पुलापर्यंत ढकलतच नेली.