कॉफीला सोडलेलं पाणी

आमच्या घरात रागाला औषध नाही. बाबांचा हात आधी उठतो, तोंड मागून उघडतं. दादाचं तसंच, आणि माझंही काही वेगळं नाही. आंजी गावाजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत त्या हिवाळ्यात जे झालं त्याला नातेवाईक 'जरा बाचाबाची' म्हणतात, तेव्हा अजून माझं डोकं फिरतं. बाचाबाचीत हाडं मोडत नाहीत.

दादा काही वर्षं कर्नाटकात कॉफीच्या मळ्यावर मुकादम होता. परतला तो कॉफीची रोपं घेऊनच. जेवताना सांगायचा, आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा ब्राझीलमध्ये तोडणी चालते, इथिओपियात दिवाळीच्या आगेमागे, कोलंबियात तर वर्षातून दोनदा.

"दोन बहार? मंग संत्र्यावानीच झालं," बाबा म्हणाले, आणि सावली मिळावी म्हणून त्यांनी संत्र्यांखालची एक ओळ त्याला दिली. अट एकच होती. रोपांनी उन्हाळा काढला तर दादानं घरी राहायचं, नाहीतर परत जायचं. आईला पोरगा घरात हवा होता. कॉफीशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

पण संत्र्याला फुलं हवी असतील तर आधी ताण द्यावा लागतो. थंडीत पाणी तोडायचं, पानं कोमेजून गळेपर्यंत झाड तहानलेलं ठेवायचं, मग पाणी दिलं की बहार फुटतो. मधेच पाणी मिळालं तर नुसता पाला येतो. बाबांनी पाणी तोडलं, आणि त्याच झाडांखाली कॉफीच्या रोपांनी माना टाकल्या.

एका सकाळी बाबांना त्या ओळीतल्या संत्र्यांवर कोवळी पालवी दिसली. ते ओरडले नाहीत. फावड्याचा दांडा उचलला आणि रोपांपाशी वाकलेल्या दादाच्या पाठीत घातला.

"काऊन सोडलं पानी? माहा बहार मारला तुनं!"

दादानं आधी पालवीकडे, मग घराकडे पाहिलं. "हो, म्याच सोडलं."

दुसरा फटका कानावर बसला. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरलं. मी बाबांच्या मनगटाला कडकडून चावले, तर त्यांनी मला बांधाच्या धुऱ्यावर भिरकावलं.

तेवढ्यात आई धावत आली. "त्याले मारू नका! तुमी बजारात गेले का मंग पान्याचा कॉक म्या उघडला."

बाबांनी दांडा तिच्यावर घातला. तिच्या हाताचं हाड मोडलेलं मी ऐकलं.

मग दादानं बाबांना आडवं पाडलं, छातीवर बसला आणि दगड उचलला. तो आता थांबणार नव्हता. मला कळलं, तसं आईलाही कळलं. ती त्या दोघांकडे गेलीच नाही. मोडका हात पोटाशी धरून दुसऱ्या हातानं ती कॉफीची रोपं उपटत सुटली.

"पाह्य इकडं! संपली तुही कॉफी. आता इथं तुहं काई नाई. जाय!"

"आई..."

"जाय म्हनलं ना!"

दादाच्या हातातला दगड खाली पडला. तो उठला आणि तसाच, रक्ताळलेल्या सदऱ्यानं, रस्त्याकडे चालता झाला.

बाबा जिवंत आहेत. दादा अजून आलेला नाही. आईचा हात वाकडाच जुळला. पोरगा कुठे असतो असं कोणी विचारलं की ती सांगते, "म्याच हाकलला त्याले."