ढोटे मॅडमची मर्जी

ढोटे मॅडम रोज सकाळी वॉर्डात यायच्या आणि ड्युटीवरच्या प्रत्येक सिस्टरला नावानं हाक मारायच्या. कुणाच्या सासूचे गुडघे दुखताहेत, कुणाच्या भावाचं लग्न ठरतंय, सगळं त्यांच्या लक्षात असे. मात्र रोज एकीला त्या वगळायच्या. तिच्याकडे बघायच्या, पण नाव घ्यायच्या नाहीत. मग ती दिवसभर आपलं काय चुकलं ते शोधत राही. ड्युटी संपेपर्यंत ती काहीही कबूल करायला आणि कुणाविरुद्धही सांगायला तयार झालेली असे.

अकोल्यातल्या एका खासगी रुग्णालयात त्या मेट्रन होत्या. नर्सिंग करून मी वलगावहून तिथं लागले. पहिल्याच दिवशी मला एका पेशंटची शीर सापडेना. त्यांनी मागून येऊन माझं मनगट धरलं. "हात काहून थरथरून राहिला? आपली भीती पेशंटले दिसू द्याची नाही," त्या हळूच म्हणाल्या, आणि माझ्याच हातानं सुई बरोबर लावली. पुढं एकदा बस उलटून सतरा जखमी एकदम आले. त्या दारात उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता कुणाला कुठं न्यायचं ते सांगत गेल्या. डॉक्टरसुद्धा त्यांचं ऐकत होते. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं, हे आजही नाकारता येत नाही.

"माणसं धाकानं नाही सांभाळाची," त्या म्हणायच्या, "मर्जीनं सांभाळाची. मर्जी गेली का माणूस आपोआप सरळ येते."

नसरीन सरळ आली नाही. बाळापूरची ही मुलगी माझ्यानंतर काही वर्षांनी लागली. पेशंट तिलाच शोधायचे, राउंडला डॉक्टर तिलाच विचारायचे. मॅडमनी तिचं नाव सलग आठ दिवस घेतलं नाही. मीच काळजीत पडले. ती म्हणाली, "नाही घेतलं तर नाही घेतलं, ताई. काम तर करूनच राहिलो ना आपण." मॅडमना हेच सहन झालं नसावं.

एका दुपारी मी वॉर्डात सलाईन बदलत होते. शेजारच्या बेडवरच्या आजोबांना मॅडमनी स्वतः इन्सुलिन दिलं. तेवढ्यात त्यांना बोलावणं आलं आणि त्या कागदावर नोंद न करताच गेल्या. मीही दुसऱ्या वॉर्डात गेले. थोड्या वेळानं नसरीन आली. रकाना रिकामा पाहून तिनंही इन्सुलिन दिलं. आजोबा घामानं निथळले, बोलेनासे झाले. ग्लुकोज वेळेवर चढवलं म्हणून वाचले.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा पुढं केला. "तुह्ये मिस्टर सध्या घरीच हायेत ना? पोरगी लहान हाये तुह्यी," त्या मायेनं म्हणाल्या. मग तशाच आवाजात, "मी इन्सुलिनले हात नाही लावला. त्या पोरीनं दोनदा दिलं. तू तिथंच होती."

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही काय पाहिलं?"

मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं, सर."

नसरीननं माझ्याकडे एकदाच पाहिलं. तिला काढून टाकलं. तीन महिन्यांनी मी त्या वॉर्डची इन्चार्ज झाले.

सहा वर्षांनी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात कितीतरी जणी रडल्या, मीही रडले. नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुले इन्चार्ज काहून केलं, माहीत हाये? चांगली नर्स म्हणून नाही. त्या दिवशी तुह्यं लक्ष नव्हतं म्हणून." त्यांनी माझ्या गालावर हात फिरवला आणि गाडीत बसल्या.

त्याच आठवड्यात मी अमरावतीला गेले. राजापेठेतल्या एका लहानशा दवाखान्यात नसरीन काम करत होती. मी सगळं सांगितलं. ती पट्टीच्या घड्या घालत ऐकत राहिली.

"मले माहीत होतं, ताई. तुमी सलाईन बदलून राहिल्या होत्या, हे आजोबांनी नंतर सांगितलं होतं मले. पण बिमार माणसाचं कोण ऐकते?" माझे डोळे भरून आले तशी ती म्हणाली, "रडू नका. मोठ्या दवाखान्यात गेलं का विचारतात, आधीची नोकरी काहून सोडली. तुमी लिहून द्या."

मी लिहून दिलं. काय पाहिलं तेही, आणि काय बोलले तेही. एक प्रत मोठ्या डॉक्टरांना, एक नसरीनला. माझं इन्चार्जपद गेलं, वॉर्ड बदलला. नसरीनला तिची चूक नव्हती असं पत्र मिळालं. ती मला फोन करत नाही. तशी अपेक्षा करण्याचा मला हक्कही नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, रविवारी दुपारी, मी घरी खाली बसून भाजी निवडत असताना ढोटे मॅडमचा फोन आला. मिस्टरांचं काम कसं चाललंय, पोरगी कितवीत गेली, जेवण झालं का, सगळं त्यांनी विचारलं. त्या पत्राबद्दल चकार शब्द काढला नाही. आवाजात तीच माया होती. मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. "सुखी राय," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

मुलगी समोर अभ्यास करत बसली होती. तिनं वहीतून मान वर केली.

"आई," ती म्हणाली, "अशी उभी काहून हाये तू? बस ना."