संग्रामसाठी आलेला फोन

काल संग्राम गेला आणि आज सकाळी त्याची चौकशी करायला फोन आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संग्राम आमच्या कॉलेजच्या कबड्डी टीमचा डावा कोपरा. चढाईला आलेल्याचा घोटा धरणारा. मी त्याची कोच.

पुढच्या आठवड्यात कबड्डी लीगच्या खेळाडूंचा लिलाव आहे. त्यात त्याचं नाव होतं.

काल दिवस मावळताना पेठ वडगावातली प्रॅक्टिस संपवून हातकणंगल्याकडं घरी निघाला. रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही.

गाडी थेट आत.

एवढंच. ह्याहून जास्त मला पण माहीत नाही, कृपा करून फोन करून विचारू नका.

तर फोन. लीगमधल्या एका टीमसाठी खेळाडू हेरणारे स्काउट, पुण्याचे सर. मागं शाहूपुरीत त्याची मॅच बघून गेलेले. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं.

"मॅडम, संग्रामबद्दल शेवटचे दोन-तीन प्रश्न होते. वेळ आहे का?"

मी दवाखान्याच्या आवारात उभी होते. बॉडी ताब्यात मिळायची होती.

मी म्हटलं, "आहे. विचारा."

का म्हटलं, देव जाणे. तोंडातनं दुसरं काही आलंच नाही.

"गुडघा कसा आहे?"

"चांगला आहे."

"वजन?"

"हद्दीत आहे सर. लिलाव होईपर्यंत मटण सोडलंय त्यानं."

हे खरंच होतं. रविवारी घरात तांबडा-पांढरा शिजायचा आणि हा गडी दही-भाकरी घेऊन बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचा. आई वैतागायची. "एवढा धिप्पाड पोरगा दारात दही-भाकरी खात बसतोय. लोकं म्हणतील, आई करून घालत न्हाय!"

मग सरांनी खरी शंका काढली.

"पोरगा जरा थंड वाटतो हो. मांडी ठोकत नाही, ओरडत नाही. त्या मॅचमध्ये पकडी पण दोनच."

माझं डोकं फिरलं. तिथं, त्या आवारात, तशा वेळी पण फिरलं.

"पकडी काय बघताय सर? त्याच्या बाजूला आलं कोण ते बघा की! पहिल्याच चढाईत एकाचा घोटा आवळला त्यानं, मग तिकडं कोण फिरकतंय? सगळे आपले उजवीकडनं. निम्मं मैदान त्यानं नुसतं उभं राहून बंद केलंतं!"

आजूबाजूची माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी बाजूला झाडाखाली गेले.

"बरं, आणि कमी काय आहे?" सर म्हणाले.

ते पण सांगितलं. बोनसची रेघ ओलांडायला आलेल्यावर घाई करतो. शेजारचा कव्हरचा गडी मदतीला यायच्या आधीच झेपावतो. मी ह्याच्यावरनं त्याला रोज शिव्या घालते.

"सुधारेल," मी म्हटलं. "सहा महिने द्या त्याला."

सहा महिने द्या, म्हटलं मी.

बाकी ह्या पोराला घाई कसली ती माहीतच नव्हती. घाई आपल्या लोकांना. मागच्या आठवड्यात मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला. 'लीगमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' अरे, लिलाव व्हायचाय अजून! हा पठ्ठ्या स्वतः शिडी लावून चढला आणि फ्लेक्स खाली उतरवला.

"मॅडम, अजून कुणी माझ्यासाठी हात वर केला न्हाय, आणि ह्या येड्यांनी मला निवडून बी टाकलं." लाजून लाल झालता.

आज त्याच चौकात दुसरा फ्लेक्स लागलाय. फोटो तोच आहे. खाली मित्रमंडळाची नावं पण तीच.

सरांचं विचारून झालं. म्हणाले, "ठीक आहे मॅडम. आमचं ठरलं. नाव पुकारलं की आमचा हात वर. त्याला एवढ्यात सांगू नका फक्त, पोरं हवेत जातात."

तेव्हा मी सांगितलं. "सर, संग्राम काल वारला."



सर म्हणाले, "अहो मॅडम, मग एवढं सगळं तुम्ही..."

"तुम्ही विचारलंत म्हणून," मी म्हटलं.

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. कुणी हाताला चिमटा काढला तरी कळणार नाही असं झालंय.

दुपारी सगळं उरकल्यावर त्याच्या आईजवळ जाऊन बसले. मी त्यांना वहिनी म्हणते. त्या पण रडत नव्हत्या. पदराचं टोक नुसतं बोटाला गुंडाळत होत्या.

"मॅडम, घेतलं असतं का वो त्याला?"

"घेतलंच होतं वहिनी. टीमचा फोन आलता मला."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"त्याला कळलंतं?"

मी म्हटलं, "व्हय. कालच प्रॅक्टिसला सांगितलं मी त्याला."

"हसला काय?"

"हसला की. लई हसला."

त्यांनी मान हलवली. मग पहिल्यांदा रडल्या.

वहिनींच्याकडं साधा फोन आहे, त्यांना ही पोस्ट दिसणार नाही. कुणी वाचून दाखवू नका. पाया पडते तुमच्या.

संग्राम, काल प्रॅक्टिसला मी तुला फक्त शिव्याच घातल्या. मला तरी कुठं माहीत होतं.

घेतलं रे तुला, बाळा.

जा आता सुखानं.